वऱ्हाडात लढाई जिंकली, लंडनमध्ये ‘बूट’ झाला! कोण होता वेलिंग्टन?

संग्रामपूर : पावसाळ्यात चिखल तुडवताना आपण जो गमबूट घालतो, त्याला ब्रिटनमध्ये आजही ‘वेलिंग्टन’ म्हणतात. हे नाव ज्याच्यावरून पडलं, तो इंग्रज सेनापती आपल्या शेजारच्या तेल्हारा तालुक्यातील अडगावात लढून गेला आहे. पुढे त्याच्याच देशातल्या व्यंगचित्रकारांनी त्याची मनसोक्त खिल्ली उडवली. जाणून घेऊया.

वऱ्हाडात कसा आला?

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये डब्लिनचा. १७९७ मध्ये तो भारतात आला. दुसऱ्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थरने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकली.

२९ नोव्हेंबरला अडगावात त्याची गाठ नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेशी पडली. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच त्याच्या काही पलटणी पांगल्या. त्याने स्वतः पुढे होऊन त्या पुन्हा उभ्या केल्या आणि लढाई जिंकली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडचा बहुतेक मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला.

चित्रात बूट का आला?

१८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करून वेलिंग्टन युरोपभर गाजला. त्याने चांभाराकडून खास बनवून घेतलेले साधे, उंच चामडी बूट फॅशन झाले. रबराचे बूट नंतर आले. १८२७ मध्ये तो ब्रिटिश लष्कराचा सरसेनापती झाला, तेव्हा विल्यम हीथने एक चित्र काढलं : एक मोठा बूट आणि त्यातून वर आलेलं वेलिंग्टनचं डोकं. बाकी शरीर गायब!

लोक का चिडले?

१८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला. चित्रकारांनी त्याला कधी देशाची बग्गी हाकणारा गाडीवान केलं, तर कधी त्याचं बाकदार नाक आणखी लांबवलं. १८३० मध्ये त्याने मतदानाच्या सुधारणांना ठाम नकार दिला आणि त्याच महिन्यात त्याचं सरकार पडलं. पुढच्या वर्षी जमावाने त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या, तेव्हा त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या.

व्हिक्टोरियाच्या काळात काय बदललं?

व्हिक्टोरिया राणी १८३७ मध्ये गादीवर आली, तोवर चित्रांची धार बोथट झाली होती. जॉन डॉयल ‘एचबी’ या सहीने वेलिंग्टनची सौम्य व्यंगचित्रं काढत राहिला. शेरलॉक होम्स लिहिणारा आर्थर कॉनन डॉयल हा त्याचाच नातू. वेलिंग्टन १८५२ मध्ये वारला आणि त्याला सरकारी इतमामात निरोप मिळाला. १८६८ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात पुढच्या सेनापतींची रंगीत व्यंगचित्रं येऊ लागली. त्यात किचनेरही होता.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

लंडनकरांना वेलिंग्टनचा निर्णय पटला नाही, की त्याचं चित्र दुकानाच्या काचेत झळकायचं. त्यावर रस्त्यावरचा माणूसही हसू शकत होता. देवगावच्या तहाने आपलं गाव कोणाच्या राज्यात जाणार, हे मात्र वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी विचारलंही नव्हतं.