शेतकऱ्याच्या पोराचं काचघर

आपल्या जिल्ह्यात धानाच्या बांध्यांच्या कडेला आता हिरव्या शेडनेटची घरं दिसतात. भाजीवाले मिरची-वांग्याची रोपं त्याखालीच काढतात. झाडावर छप्पर घालायचं, पण हवं तेव्हा ओढायचं आणि हवं तेव्हा बाजूला सारायचं, या विद्येत ज्यानं मोठं नाव कमावलं तो कोणी इंजिनिअर नव्हता, माळी होता. जोसेफ पॅक्स्टन त्याचं नाव.

जन्म ३ ऑगस्ट १८०३ चा. इंग्लंडात बेडफर्डशायर परगण्यात मिल्टन ब्रायन नावाचं खेडं आहे, तिथलं हे शेतकऱ्याचं घर. भावंडांची रांग, त्यात हा सातवा मुलगा. बाप लवकर वारला, शाळा जेमतेम झाली आणि पोर लहानपणीच दुसऱ्याच्या बागेत कामाला लागलं. १८२३ साली लंडनजवळ चिस्विकला हॉर्टिकल्चरल सोसायटीची नवी बाग निघाली. तिथं नोकरी मिळावी म्हणून यानं आपलं वय दोन वर्षं वाढवून सांगितलं. (आपल्याकडे शाळेच्या दाखल्यात हेच होतं, फक्त उलट्या बाजूनं!) बागेची जागा ड्यूक ऑफ डेव्हनशायर या बड्या सरदाराची होती. ड्यूकसाहेबांना ऐकू कमी यायचं, आणि हा पोरगा स्पष्ट, सावकाश बोलायचा. तेवढ्यावर ओळख वाढली. १८२६ साली ड्यूकनं त्याला चॅट्सवर्थच्या आपल्या बागेचा मुख्य माळी नेमलं. पगार वर्षाला ७० पौंड.

९ मे १८२६ ला पहाटे साडेचारला तो चॅट्सवर्थला पोचला. फाटक बंद. गडी वरून चढून आत उतरला, सगळी बाग पायाखाली घातली आणि सहा वाजता मजूर येताच त्यांना कामाला लावलं. नंतर वाड्यात न्याहारीला गेला, तिथं सारा बाऊन ही मुलगी भेटली. पुढच्याच वर्षी लग्न झालं. तो बाहेर असला की हिशेब, मजुरी, पत्रव्यवहार सगळं साराच बघायची. इतिहासात तिचं नाव बारीक अक्षरात येतं, पण तिच्याशिवाय पुढचं काही झालं नसतं असं माझं मत आहे.

आता कामाचं सांगतो. चॅट्सवर्थ थंड मुलुख. पीच, अंजीर उघड्यावर टिकत नाही. तिथं उतारावर एक लांबच लांब भिंत होती, तिच्यात पोकळ नळ्या ठेवून धुराची ऊब खेळवायचे आणि झाडं भिंतीला टेकवून वाढवायचे. या झाडांपुढं जाड कापडाचे पडदे लावलेले असत. रात्री दहिवराची भीती वाटली की पडदे ओढायचे, दिवसा सरकवायचे. पुढे १८४८ मध्ये पॅक्स्टननं तिथं काचा बसवल्या.

दुसरी गोष्ट उन्हाची. त्यानं काचघराचं छप्पर सपाट ठेवलं नाही, वरंबा-सरीसारखं चढउताराचं केलं. ही कल्पना आधी लाउडन नावाच्या जाणकाराची, पण ती पक्की केली पॅक्स्टननं. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन काचेवर सरळ पडतं आणि आत जातं, भर दुपारचं तिरपं लागून बरंचसं परावर्तित होतं. म्हणजे छप्परच ऊन निवडून घेतं. लोखंड गंजतं, तापून फुगतं आणि काच तडकवतं, म्हणून त्यानं चौकटी लाकडाच्या केल्या. त्या कापायला यंत्र बनवलं. पन्हाळीलाही आतून खाचा पाडल्या, काचेवर जमलेला दव रोपांवर ठिबकू नये म्हणून.

इथं माझी एक चूक कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात वांग्याच्या रोपवाटिकेसाठी ५० टक्के सावलीचं नेट मी सुचवलं. मे महिन्याच्या ४५ अंशांत ते उत्तम चाललं. पण पावसाळ्यात आभाळ भरल्यावर नेट बाजूला सारायचं असतं, हे सांगायला मी विसरलो. त्या भाऊंनी ते तारांना पक्कं बांधून टाकलं होतं. ऑगस्टात पाहतो तर रोपं सुतासारखी लांबलेली, देठ लुळे. अर्धी फेकावी लागली. त्यांचे बियाण्याचे पैसे गेले, बोलणं मी खाल्लं. आमचे म्हातारे तुराट्यांचा मांडव घालायचे आणि रोप धरलं की रोज थोड्या थोड्या तुराट्या काढायचे. ते बरोबर होते.

पॅक्स्टनचं मोठं काचघर, ग्रेट स्टोव्ह, १८३६ ला सुरू झालं आणि १८४० च्या सुमारास उभं राहिलं. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच! खाली आठ बॉयलर. १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणीची बग्गी त्यातून गेली. यात भरायला झाडं पाहिजेत, म्हणून त्यानं १८३५ साली जॉन गिब्सन या माळ्याला कलकत्ता आणि खासी टेकड्यांकडे धाडलं, तो ऑर्किडांनी भरलेल्या पेट्या घेऊन परतला. पण अमेरिकेकडे पाठवलेले दोन तरुण माळी १८३८ मध्ये कोलंबिया नदीत बुडाले. काचेखालच्या त्या शोभेची ही किंमतही मोजली गेली.

मॉरिशसहून आलेलं एक बुटकं केळीचं झाड त्यानं चॅट्सवर्थला फुलवलं आणि ड्यूकच्या घराण्याचं नाव त्याला मिळालं, कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन या सगळ्या याच कॅव्हेंडिश गटातल्या.

नोव्हेंबर १८४९ मध्ये त्यानं दक्षिण अमेरिकेतलं राक्षसी जलकमळ फुलवलं, आपल्या तळ्यातल्या पोयणीच्या कुळातलं. त्याच्या पानावर स्वतःची छोटी मुलगी ॲनीला उभी केली, पान बुडालं नाही. पानाखालच्या शिरा बघून त्याला छपराच्या चौकटीची कल्पना पक्की सुचली, असं तो सांगे. १८५० मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनासाठी दोनशेहून जास्त आराखडे आले, एकही चालेना. पॅक्स्टननं रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या टिपकागदावर आकृती काढली. तोच क्रिस्टल पॅलेस. १८४८ फूट लांब, जवळपास तीन लाख काचा, हाइड पार्कमधली उभी झाडंही आत घेतलेली. १ मे १८५१ ला उघडला. एवढी काच म्हणजे आत भट्टीच व्हायची. म्हणून छपरावर बाहेरून कापड ताणलं आणि भिंतीत उघडझाप करणाऱ्या झडपा ठेवल्या. आजच्या पॉलिहाऊसमध्ये वर सावलीची जाळी आणि बाजूला हँडलनं गुंडाळायचे पडदे असतात, ते याच जातीचे.

त्याला सर ही पदवी मिळाली, १८५४ मध्ये तो खासदार झाला. मला मात्र त्याचं नंतरचं एक काम जास्त आवडतं. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ ला उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५८ च्या सुमारास त्यानं साध्या माणसासाठी सुटं काचघर काढलं. काचेच्या तयार चौकटी एकमेकींना टेकवून तंबूसारख्या उभ्या करायच्या, मधे हवेला फटी. भाडेकरूनं घर बदललं की सोडून गाडीवर घालून न्यायचं. ड्यूकच्या पैशावर शिकलेली विद्या अशी खाली उतरली.

८ जून १८६५ ला पॅक्स्टन वारला. ग्रेट स्टोव्हला पहिल्या महायुद्धात कोळसाही मिळेना आणि माळीही. झाडं गारठून मेली, १९२० मध्ये सुरुंग लावून तो पाडला. क्रिस्टल पॅलेस आधीच सिडनहॅमला हलवला होता, तो १९३६ ला जळाला. उतारावरची ती पडद्याची भिंत मात्र चॅट्सवर्थला अजून उभी आहे.