शब्दांचे पारखी : डॉक्टर जॉन्सन

इंग्रजी शिकतांना आम्हांस वारंवार चकवितात त्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या. शाळेचा मुख्य तोही प्रिन्सिपल आणि आचरणाचें तत्त्व तेंही प्रिन्सिपल. उच्चार एक, लेखनांत काय तो शेवटच्या दोन अक्षरांचा फरक. अशा वेळीं आम्ही कोश उघडतों. अर्थांची नीट फोड करून दाखविणारा इंग्रजीचा थोर कोश ज्यांनीं रचला, त्या सॅम्युएल जॉन्सन यांचें चरित्र मननीय आहे.

इंग्लंडांतील लिचफील्ड गांवीं १७०९ सालीं एका पुस्तकविक्रेत्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. बाळपणींच गंडमाळेच्या विकारानें एका डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेली. १७२८ सालीं ते ऑक्सफर्ड येथील पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाले. परंतु द्रव्याभावीं सुमारें वर्षभरांतच त्यांस परत फिरावें लागलें. पुढें काढलेली शाळाही चालली नाहीं. अखेर १७३७ सालीं ते लंडनला गेले व लेखणीवर निर्वाह करूं लागले.

१७४६ सालीं तेथील पुस्तकविक्रेत्यांनीं १,५७५ पौंडांच्या बोलीवर कोशाचें काम त्यांजकडे सोंपविलें. मदतनिसांचा पगारही त्यांतूनच द्यावयाचा होता. तीन वर्षांत काम उरकेल असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षांत नऊ वर्षें लागलीं. चांगल्या ग्रंथकारांचीं पुस्तकें वाचून ते उपयोगी शब्दाखालीं पेन्सिलीनें रेघ ओढीत आणि मदतनीस तेवढा उतारा निराळ्या कागदावर उतरून घेत. असे उतारे समोर ठेवून जॉन्सन एकेका शब्दाचे अर्थ निवडीत व त्यांस अनुक्रमांक देत. शब्द ओळखावा तो रूपावरून नव्हे, तर वाक्यांत तो कसा योजिला आहे त्यावरून, हें त्या कोशाचें मर्म होय.

१७५२ सालीं त्यांची पत्नी निवर्तली. दुःखानें ते खचले, तरी हातचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १७५५ सालीं ४०,००० हून अधिक शब्दांचा तो कोश दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला.

तरीही भाषा कोणाची वाट पाहत थांबत नाहीं. फूल व पीठ या अर्थांचे फ्लॉवर आणि फ्लाउर हे इंग्रजी शब्द मूळचे एकच. धान्याच्या पिठांतील उत्तम अंश तें त्याचें फूल, अशी ती कल्पना. जॉन्सन यांच्या कोशांत हे दोन शब्द वेगळे केलेले नाहींत. त्यांचीं निराळीं लेखनें पुढें पक्कीं झालीं. सारखे दिसणारे शब्द पुष्कळदां असे एका घरचे भाऊबंदच असतात. वर सांगितलेल्या दोन प्रिन्सिपलांचें मूळही लॅटिनमध्यें एकाच ठिकाणीं सांपडतें.

१३ डिसेंबर १७८४ रोजीं जॉन्सन वारले व वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांस पुरण्यांत आलें. महाराष्ट्रांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत त्यांच्यावर विस्तारानें लिहून आपल्या वाचकांस त्यांची ओळख करून दिली. एका अधू डोळ्याच्या, निर्धन पुरुषानें हजारों शब्द असे एकेक करून पारखले. मग दोन शब्दांत घोटाळा झाला असतां कोश उघडण्याचा आळस आम्हीं कां करावा?