चिनी डिटेक्टिव्ह साकारणारा स्वीडिश नट : वॉर्नर ओलंड

होनोलुलू पोलिसांतला चिनी डिटेक्टिव्ह चार्ली चॅन पडद्यावर गाजवला तो एका स्वीडिश माणसाने! वॉर्नर ओलंड यांचा जन्म १८७९ चा, स्वीडनमधला. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले. आधी नाटकं केली, मग सिनेमात बरेचदा खलनायक. 'द जॅझ सिंगर'मध्ये ते नायकाचे वडील होते.

१९३१ पासून त्यांनी तब्बल १६ चित्रपटांत चॅन रंगवला. शांत, हुशार, मुलाबाळांत रमणारा हा डिटेक्टिव्ह चीनमध्येही आवडला. पण बघा ना, चॅनच्या थोरल्या मुलाचं काम चीनमध्ये जन्मलेल्या की ल्यूक यांना मिळालं, बापाचं मात्र गोऱ्या नटाला. हे खटकतंच. १९३८ मध्ये ओलंड स्टॉकहोममध्ये वारले. त्यांच्या जागी सिडनी टोलर आले, तेही गोरेच.