देवळालीचा अंकवेडा मास्तर : दत्तात्रय कापरेकर

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेचं माप कोरलेलं आहे : लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. त्या २७० मधलं इवलंसं गोल शून्य आज जगप्रसिद्ध आहे. शून्याला अशी हक्काची जागा मिळाली, म्हणून कितीही मोठी संख्या दहाच चिन्हांत लिहिता येते. या दहा अंकांच्या नादात एका मराठी शिक्षकानं अख्खं आयुष्य घालवलं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले १७ जानेवारी १९०५ ला, गुजरात सीमेजवळच्या डहाणूत. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाची भारी आवड. आकडेमोडीची गोडी मुलाला तिथूनच लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. पदव्युत्तर शिक्षण मात्र झालं नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

मुंबईजवळच्या डेमलो रेल्वे स्टेशनवर त्यांना काही संख्यांचा अभ्यास सुचला, म्हणून त्यांचं नाव ठेवलं डेमलो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असं करत नऊ एकांचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी ही संख्या उलटी वाचा, सुलटी वाचा, सारखीच. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं तिला पूर्ण भागही जातो. दहावा एक जोडला की हातचा येतो आणि नक्षी मोडते.

१९४९ मध्ये त्यांनी ६१७४ जगापुढे मांडली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. २१११ घेतली तर ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. इथं ०९९९ मधलं शून्य गाळलं तर गाडी थेट शून्यावर जाऊन थांबते!

बऱ्याच विद्वानांना हा सगळा पोरखेळ वाटला. कापरेकरांनी स्वतःच पुस्तिका छापल्या, लिहीत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

१९८६ मध्ये देवळालीतच ते गेले. ६१७४ ला आज जगात सगळीकडे कापरेकर स्थिरांक म्हणतात, आणि तो पडताळायला पाचवीतल्या पोरालाही कागद-पेन्सिल पुरते.