टनामागे पाच सेंट : जॉन लुईस आणि खाणकामगारांची पेन्शन

मालकाने फंडाचे पैसे थकवले म्हणजे म्हाताऱ्या कामगाराच्या घरात काय होते, हे आपल्या वस्त्यांना समजावून सांगावे लागत नाही. या पैशासाठी अमेरिकेत कोर्टापर्यंत भांडलेल्या एका माणसाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

जॉन लुईस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८८० रोजी आयोवा राज्यातील लुकास येथे झाला. वडील वेल्समधून आलेले खाणकामगार. जॉनही कोळशाच्या खाणीत उतरले. १९२० साली ते खाणकामगार युनियनचे अध्यक्ष झाले आणि १९६० पर्यंत त्या खुर्चीवरून हलले नाहीत. माणूस भलताच हट्टी. युनियनमधल्या विरोधकांनाही त्यांनी डोके वर काढू दिले नाही, हेही सांगायला हवे.

१९४६ साली त्यांनी संप केला. मागणी नुसत्या पगाराची नव्हती. दर टन कोळशामागे ठराविक रक्कम फंडात जमा व्हावी, त्यातून दवापाणी, विधवांना मदत आणि पेन्शन मिळावी, असे त्यांचे म्हणणे. मालक ऐकेनात. तेव्हा सरकारने खाणी ताब्यात घेतल्या आणि टनामागे ५ सेंट कबूल केले. (आपल्याकडे बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या खाणींची पाहणी केली. १९४४ साली कोळशावर कर बसवून खाणकामगारांचा कल्याण निधी निघाला. तो सरकारी वटहुकुमाने, हा युनियनच्या कराराने.)

त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा संप झाला, कोर्टाचा हुकूम मोडला. युनियनला ३५ लाख डॉलर आणि लुईस यांना १० हजार डॉलर दंड! १९४७ साली सुप्रीम कोर्टाने अट घालून युनियनचा दंड ७ लाखांवर आणला.

१९४७ च्या कायद्याने मालकांचे पैसे एकट्या युनियनच्या हाती देण्यास बंदी केली. मग फंडावर तीन विश्वस्त आले : एक युनियनचा, एक मालकांचा, एक तटस्थ. १९४८ मध्ये लुईस आणि तटस्थ विश्वस्ताने बासष्ट वर्षांवरच्या निवृत्त कामगारांना महिना १०० डॉलर पेन्शन ठरवली. मालकांचा विश्वस्त कोर्टात गेला, पण ज्या न्यायाधीशाने लुईस यांना दंड केला होता त्यानेच ही पेन्शन योजना कायदेशीर ठरवली.

पुढे बेनेडिक्ट कोल या कंपनीने, युनियनने करार मोडून संप केले म्हणून, फंडाचे पैसे अडवले. लुईस आणि इतर विश्वस्तांनी दावा लावला. १९६० साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की फंड वेगळा, युनियन वेगळी. युनियनच्या चुकीची भरपाई कामगारांच्या बायकापोरांच्या पैशातून वळती करता येणार नाही. आमच्या मते लुईस यांच्या साऱ्या लढायांत हा निकाल सर्वांत मोलाचा.

११ जून १९६९ रोजी लुईस वारले. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, खाणकामगारांनीच केलेल्या दाव्यात वेगळा निकाल लागला. फंडाचे कोट्यवधी डॉलर युनियनच्याच मालकीच्या बँकेत बिनव्याजी पडून होते, आणि हे लुईस यांच्याच काळापासून चाललेले. कोर्टाने ते पैसे तिथून काढायला लावले.