ट्रॅक्टरवाल्याची ग्रिप

बाइकच्या पुढच्या चाकाकडे जरा वाकून बघा. ब्रेकच्या डिस्कच्या आत खाचाखाचांची एक छोटी रिंग आणि तिच्या अगदी जवळ बसवलेला सेन्सर दिसला, तर तुमच्या गाडीला एबीएस आहे. बाइक १२५ सीसीच्या वरची आणि एप्रिल २०१९ नंतरची असेल, तर तो असणारच. तसा नियमच आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिसळून जो चिकट लेप होतो, त्यावर तुम्ही घाबरून ब्रेक दाबलात तरी चाक जाम होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

एवढंच म्हटलं खरं, पण जाम चाक म्हणजे काय ते आधी समजून घ्या. फिरणारं चाक रस्त्याला धरून असतं. ते जाम झालं की ओल्या फरशीवरचा साबण होतो. मग स्टिअरिंग कुठंही फिरवा, कार आपली सरळच जाते. आणि बाइकचं पुढचं चाक जाम झालं, तर काय होतं हे तुमच्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी गुडघ्यावर लिहिलेलं असेलच.

चाकाने जमिनीला धरून राहावं, यासाठी एका माणसाने उभी हयात घालवली. त्याची सुरुवात मात्र रस्त्यावर झाली नाही, शेतात झाली. त्याचं नाव हॅरी फर्ग्युसन. गावाकडे ज्याला सगळे नुसतं ‘मॅसी’ म्हणतात ना, त्या लाल मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमधला हा फर्ग्युसन. आडनाव बोनेटवर राहिलं, माणूस मात्र विसरला गेला.

हॅरीचा जन्म १८८४चा, उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउनचा. शेतकऱ्याच्या घरात अकरा भावंडं, त्यात हा चौथा. शेतीची कामं त्याला मनापासून नकोशी होती. त्यामुळे १९०२ मध्ये तो बेलफास्टला भावाच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये गेला. तिथं रमला, मोटारसायकलच्या रेस मारू लागला. मग विमानाचं वेड लागलं. राइट बंधूंच्या उड्डाणाला जेमतेम सहा वर्षं झाली होती. हॅरीने स्वतःच एक विमान बांधलं आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरोच्या मैदानात ते सुमारे १२० मीटर उडवलं. आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिला. तेव्हा वय पंचवीस. आपण त्या वयात सीव्हीचा फॉन्ट बदलत बसतो!

शेतीपासून पळालेल्या या माणसाला पहिल्या महायुद्धाने परत शेतात आणलं. अन्नधान्याची टंचाई होती, ट्रॅक्टर हवे होते. हॅरी ते विकतही होता. १९१७ मध्ये सरकारी खात्याने त्याला विनंती केली, की शेतोशेती फिरून ट्रॅक्टर आणि नांगरांचं काम सुधारता येतंय का ते बघ. सोबत विली सँड्स नावाचा त्याचा हुशार मेकॅनिक. या दोघांना जे दिसलं ते भयंकर होतं.

तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे बैलगाडीसारखा नुसता अडकवलेला असायचा. मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर अवजड बनवायचे आणि तो अवजड ट्रॅक्टर माती दाबून तिचा धोंडा करायचा. त्याहून वाईट म्हणजे नांगराचा फाळ एखाद्या दगडाला अडला, की नांगर जागच्या जागी थांबायचा, पण मागची चाकं जोर लावतच राहायची. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि अख्खं धूड उलटून ड्रायव्हरच्या अंगावर यायचं. माणसं मरायची. ऊस हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेलेली तुम्ही पाहिली असतील. आपण त्याचे रील्स बघून हसतो. धोका तोच आहे.

फर्ग्युसनने नांगर आणि ट्रॅक्टर अशा दोन वस्तू मानायचंच सोडून दिलं. नांगराला त्याने ट्रॅक्टरशी तीन दांड्यांनी जोडलं, दोन खाली आणि एक वर. आता गंमत बघा. माती नांगराला मागे ओढते, तेव्हा वरच्या दांडीतून ट्रॅक्टरवर पुढे रेटा येतो आणि त्याचं तोंड खाली दाबलं जातं. नांगराचं वजन आणि मातीची ओढ मागच्या चाकांवर पडते. म्हणजे काम जितकं जड, तितकी पकड जास्त! जोडीला नांगराची खोली आपोआप सांभाळणारी हायड्रॉलिक यंत्रणा. वजनाने हलका ट्रॅक्टर अवजड ट्रॅक्टरचं काम करू लागला आणि उलटण्याची भीती पुष्कळ कमी झाली. आपल्या गावात ट्रॅक्टरची ‘लिफ्ट’ म्हणतात ती हीच. आज कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर घ्या, मागे या तीन दांड्या असतातच.

पुढची कहाणी सिनेमासारखी आहे, पण थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये हेन्री फोर्डने हा ट्रॅक्टर पाहिला आणि दोघांनी नुसत्या हस्तांदोलनावर धंदा ठरवला. कागद नाही, सही नाही. म्हाताऱ्या फोर्डनंतर त्याच्या नातवाने तो व्यवहार मोडला आणि तंत्र मात्र वापरत राहिला. फर्ग्युसनने कोर्टात २५ कोटींहून जास्त डॉलर मागितले. १९५२ मध्ये तडजोड होऊन ९२ लाख ५० हजार मिळाले. तोपर्यंत त्याचा स्वतःचा करड्या रंगाचा ट्रॅक्टर कॉव्हेंट्रीत लाखांनी बनत होता. १९५३ मध्ये त्याने धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत मिसळला. त्या व्यवहारात दहा लाख डॉलरचा एक वाद नाणं उडवून सोडवला गेला. फर्ग्युसन हरला आणि वर्षभरात ट्रॅक्टरच्या धंद्यातून बाहेर पडला.

वय सत्तरीला आलेलं, पैसा भरपूर. दुसरा एखादा बागेत खुर्ची टाकून बसला असता. याच्या डोक्यात मात्र आधीपासूनच मोटारगाड्या होत्या.

मोटार रेसशी त्याचं नातं जुनं होतं. १९२८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या आर्ड्समध्ये टूरिस्ट ट्रॉफीची मोठी रेस सुरू झाली, त्यामागे त्याची खटपट होती. साध्या रस्त्यांवर, गावांतून जाणारी ही रेस. १९३६ मध्ये एका गाडीचा ताबा सुटला, ती प्रेक्षकांत घुसली आणि ८ जणांचा जीव गेला. आर्ड्समध्ये ती रेस पुन्हा झाली नाही. या अपघातातूनच त्याच्या पुढच्या कामाचा जन्म झाला, असं म्हणायचा मोह होतो, पण तसा सरळ धागा जोडणं बरोबर नाही. एवढं खरं, की सुटलेली गाडी काय करते हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच आर्ड्समध्ये जिंकलेला फ्रेडी डिक्सन आणि टोनी रोल्ट हे दोन रेसर चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी बनवायच्या मागे होते. हा रोल्ट भलता माणूस. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैद असताना तिथून ग्लायडरने पळायच्या बेतात सामील होता. १९५० मध्ये फर्ग्युसनने या दोघांना हाताशी धरून संशोधन कंपनी काढली. उद्देश रेस जिंकणं हा नव्हता. घरातली साधी गाडी बर्फावर, चिखलात, पावसात घसरू नये, हा होता.

इथं दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे चार चाकांची ताकद. पुढची आणि मागची चाकं अशा पद्धतीने जोडायची, की एक जोडी दुसरीपेक्षा फार जोरात किंवा फार हळू फिरूच शकणार नाही. दुसरी म्हणजे डनलॉप कंपनीचं विमानांसाठी बनवलेलं ‘मॅक्सरेट’. त्यात ना कॉम्प्युटर, ना चिप. चाकाबरोबर एक छोटं जड फ्लायव्हील फिरायचं. चाक एकदम मंदावलं, तरी फ्लायव्हील आपल्या वेगाने फिरत राहायचं. या फरकामुळे एक झडप उघडायची आणि ब्रेकचा दाब क्षणभर सुटायचा. चाक पुन्हा फिरू लागलं की दाब परत. ओल्या धावपट्टीवर विमानाचे टायर फुटू नयेत म्हणून केलेली ही युक्ती.

तुमच्या बाइकचा एबीएस हेच करतो, फक्त सेन्सरने आणि कितीतरी झटपट. म्हणून जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हरला थरथर जाणवते. ती जाणवली म्हणून ब्रेक सोडू नका, दाबून ठेवा. सुट्या खडीवर मात्र एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं. तिथं वेग आधीच कमी हवा.

फर्ग्युसनच्या लोकांचं खरं डोकं या दोन्ही गोष्टींच्या जोडणीत आहे. पुढची-मागची चाकं आतून बांधलेली असल्यामुळे प्रत्येक चाकाला वेगळं मॅक्सरेट लावायची गरज उरली नाही. गिअरबॉक्सच्या मागे एकच बसवलं आणि ते सगळ्या गाडीवर लक्ष ठेवू लागलं.

प्रयोगाच्या गाड्या तयार झाल्या. फर्ग्युसनने त्या मोटार कंपन्यांच्या गळी उतरवायचा खूप प्रयत्न केला. एकाही मोठ्या कंपनीने घेतलं नाही. गाडी महाग होणार होती आणि न झालेल्या अपघातासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे का देईल, हा हिशेब त्यांना सुटत नव्हता. माझ्या मते तो सुटायला त्यांनी फार वेळ घेतला. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या आपल्या घरी फर्ग्युसन वारला. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे कंपनी स्थापन झाली आणि त्याच्या नावाचे ट्रॅक्टर पुढे भारतात बनू लागले.

त्याच्या पश्चात, सप्टेंबर १९६१ मध्ये, औल्टन पार्कच्या ओलसर ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने फर्ग्युसनची पी-९९ ही फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी पळवली आणि गोल्ड कप जिंकला. जागतिक अजिंक्यपदाच्या गुणांची ती रेस नव्हती, पण फॉर्म्युला वनची होती. त्या दर्जाची रेस चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीने जिंकली, ती तेवढी एकदाच.

रस्त्यावरची गाडी यायला १९६६ उजाडलं. जेन्सन या छोट्या ब्रिटिश कंपनीने एफएफ हे मॉडेल आणलं. ही दोन अक्षरं ‘फर्ग्युसन फॉर्म्युला’ची. कारखान्यात नियमित बनून विकली गेलेली, चारही चाकांना ताकद आणि अँटी-लॉक ब्रेक अशी दोन्ही असलेली ही पहिली रस्त्यावरची कार. किंमत भलतीच होती. शिवाय आतली मांडणी अशी, की स्टिअरिंग डावीकडे बसवताच येईना, त्यामुळे अमेरिकेचा बाजार बंद. १९७१ पर्यंत ३२० गाड्या बनल्या आणि काम थांबलं. बॉशचा इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आला, तोवर १९७८ साल उजाडलं होतं.