ॲलिसचे अकरा टायर

मैत्रिणींनो, स्कूटी पंक्चर झाली की आपला हात आधी कुठे जातो? मोबाईलकडे. नवऱ्याला, भावाला नाहीतर शेजारच्या एखाद्या मुलाला बोलावलं जातं आणि आपण पर्स सांभाळत कडेला उभ्या राहतो. घरातल्या चारचाकीचं तर विचारूच नका. गाडी चालवायला आता पुष्कळजणी शिकल्या, पण चाकाला हात लावणं हे अजूनही पुरुषांचंच काम. आज जिच्याबद्दल सांगणार आहे, तिनं १९०९ साली भर रस्त्यात बसून अकरा वेळा टायर बदलले. रस्त्यात तरी कसं म्हणायचं, कारण रस्ता बहुतेक ठिकाणी नव्हताच!

ॲलिस ह्यूलर रॅम्से तिचं नाव. जन्म ११ नोव्हेंबर १८८६ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या हॅकेन्सॅक गावचा. वडील लाकडाचे व्यापारी. यंत्रांची, अवजारांची आवड तिला त्यांच्याकडूनच आली. १९०६ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा जॉन रॅम्से वकील होता आणि वयानं तिच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा. १९०८ साली एक मोटार शेजारून गेली, तेव्हा ॲलिसचा घोडा बिथरला आणि तिला घेऊन उधळला. नवऱ्यानं विचार केला, की यापेक्षा मोटारच बरी. त्यानं तिला मॅक्सवेल कंपनीची गाडी घेऊन दिली. गंमत म्हणजे तो स्वतः गाडी चालवायला कधी शिकलाच नाही. ॲलिसनं मात्र त्या एकाच उन्हाळ्यात जवळपास साडेनऊ हजार किलोमीटर गाडी पळवली.

त्याच वर्षी लाँग आयलंडच्या टोकापर्यंत जाणाऱ्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिनं भाग घेतला. पुरुषांच्या गर्दीत ही बाई सफाईनं गाडी हाकते, हे मॅक्सवेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यानं हेरलं. त्याच्या डोक्यात कल्पना आली, की हिला अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पाठवायचं. गाडी, पेट्रोल, टायर, सगळा खर्च कंपनीचा. त्यामागचा हिशेब साधा होता. बाईमाणसाला जमलं म्हणजे कोणालाही जमेल, गाडी तितकी भरवशाची! हे वाचून राग येतो खरा. ॲलिसलाही तो हिशेब कळत असणारच. पण संधी चालून आली होती आणि ती तिनं सोडली नाही.

घरात दोन वर्षांचा मुलगा होता. त्याला नवऱ्याजवळ ठेवून बावीस वर्षांची आई दोन महिन्यांसाठी निघाली. आजही एखादीनं असं केलं तर लोक काय काय बोलतील, ते तुम्हाला मी सांगायला नको. सोबतीला तिच्या दोन नणंदा होत्या, नेटी आणि मार्गारेट, दोघीही चाळिशी उलटलेल्या. शिवाय हर्मीन नावाची कोवळ्या वयाची मैत्रीण. तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ॲलिसच्याच हातात.

९ जून १९०९ ला धो धो पावसात न्यूयॉर्कहून गाडी निघाली. गर्द हिरव्या रंगाची, चार सिलिंडरची, तीस अश्वशक्तीची उघडी मॅक्सवेल. समोर सुमारे सहा हजार शंभर किलोमीटरचा प्रवास, त्यातला पक्का रस्ता होता जेमतेम २४५ किलोमीटर. बाकी सगळी बैलगाडीची चाकोरी, चिखल, वाळू आणि शेतातल्या पायवाटा.

आता त्या गाडीच्या चाकांबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय तिची मेहनत लक्षात येणार नाही. चाकं लाकडी आऱ्यांची होती, आपल्या बैलगाडीच्या चाकाच्या चुलत बहिणीच म्हणा. उन्हानं लाकूड आकसलं की आरे कुरकुरायला लागतात. आपल्याकडेही बैलगाडीची चाकं पाण्यात भिजत ठेवून फुगवायची रीत होती. टायर काळे नव्हते, पांढुरके होते, कारण रबरात काजळी मिसळायची पद्धत अजून रुळली नव्हती. त्यांना नक्षीही नसे, गुळगुळीत. चिखलात ते जागच्या जागी फिरायचे, म्हणून चाकांना लोखंडी साखळ्या बांधायच्या.

टायर फुटला तर चाक काढून दुसरं लावायची सोय नव्हती. चाक गाडीलाच राहायचं. जॅक लावून ते उचलायचं, मग लोखंडी पट्टीनं, म्हणजे टायर लिव्हरनं, टायरची ताठ कड रिमच्या खाचेतून उपसून काढायची. आतली ट्यूब ओढून घ्यायची, भोक शोधून ठिगळ लावायचं. रिम पुसून स्वच्छ करायची, कारण वाळूचा एक खडा आत राहिला तरी तो नव्या ट्यूबला कुरतडून भोक पाडतो. रिम गंजलेली असेल तर तेच. म्हणून गंज खरवडून रंगाचा हात देणं हा त्या काळी गाडीवाल्यांचा नेमाचा उद्योग होता. ट्यूब चिकटू नये म्हणून आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची, टायर पुन्हा खाचेत बसवायचा आणि मग हातपंपानं दम लागेपर्यंत हवा भरायची. हे सगळं पायघोळ झग्यात, अंगावर धुळीचा कोट आणि टोपीवरून चेहऱ्यावर ओढलेली जाळी अशा अवतारात. एकदा नाही, अकरा वेळा.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. क्लीव्हलंडच्या चांगल्या रस्त्यावर तिनं गाडी ताशी ६८ किलोमीटरपर्यंत पळवली, त्या काळी हा मोठाच वेग. आयोवा राज्यात मात्र पावसानं घात केला. सुमारे ५८० किलोमीटर कापायला तेरा दिवस! चिखलात इंजिन तापून पाणी संपलं आणि जवळ बादली नव्हती. तेव्हा नणंदांनी आपल्या प्रसाधनाच्या सामानातल्या, चांदीच्या झाकणांच्या काचेच्या बरण्या रिकाम्या केल्या आणि चरातलं पाणी वाहून आणलं. ‘नणंद’ या शब्दाला आपल्याकडे जे नाव पडलंय, त्यावर उतारा म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका रात्री नदीचा पूर ओसरायची वाट पाहत चौघी काठावरच गाडीत झोपल्या.

पश्चिमेकडे तर नकाशेही संपले. मग जास्त तारा असलेले टेलिफोनचे खांब धरून जायचं, म्हणजे गाव लागतं, असा आडाखा. वायोमिंगमध्ये नॉर्थ प्लॅट नदीवरचा रस्त्याचा पूल वाहून गेला होता. रेल्वेची परवानगी काढून ॲलिसनं गाडी रुळांच्या पुलावर घातली आणि स्लीपरांवरून धडधडत एकेक फूट पुढे नेली. खाली नदी.

युटामध्ये पुढचं चाक प्रेअरी डॉग नावाच्या खारीसारख्या प्राण्याच्या बिळात आदळलं. पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचा बोल्ट निसटला आणि चाकं दोन दिशांना फाकली. ॲलिसनं तारेनं तो दांडा बांधला, गाडी हळूहळू लोहारापर्यंत नेली आणि तिथे नीट दुरुस्त करून घेतली. कंपनीचे मेकॅनिक अधूनमधून मदतीला येत, हेही सांगायला हवं. पण माळरानावर चाक फाकतं तेव्हा मेकॅनिक जवळ नसतो.

७ ऑगस्ट १९०९ ला, ५९ दिवसांनी, चिखलानं माखलेली ती गाडी सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. हा वेगाचा विक्रम नव्हता, पुरुषांनी याहून कमी दिवसांत हे अंतर कापलं होतं. पण बाईनं गाडी चालवत अमेरिका ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. गावोगावी बघ्यांची झुंबड उडाली होती.

आज चाकं बदलली. लाकडाच्या जागी पोलाद आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आला, पण चाकाचे शत्रू तेच, चिखल आणि गंज. रिमच्या आतल्या बाजूला एकीकडेच चिखलाचा गोळा सुकून बसला तर वेगात स्टिअरिंग थरथरतं. ॲलिसच्या संथ गाडीला हा त्रास फारसा नसणार, आपल्या हायवेवरच्या गाडीला नक्की होतो. अशा वेळी आधी चाकं आतून धुऊन बघावी. तरी थरथर राहिली तर बॅलन्सिंग करावं. त्यात मशीनवर चाक फिरवून हलक्या बाजूला छोटी वजनं लावतात. नवा टायर घातला की हे करावंच लागतं. अलॉय व्हीलवर पारदर्शक लेप असतो. तापलेल्या चाकावर पाणी मारू नये, ॲसिड तर लांबच ठेवावं, साधं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. लेप खरवडला की तिथून धातू खराब व्हायला लागतो, कोकणातल्या खाऱ्या हवेत जरा लवकरच. वॉशिंग सेंटरवाल्याला हे आपण सांगू शकतो, त्यासाठी पान्हा हातात घ्यायलाच हवा असं नाही.

ॲलिस आगगाडीनं घरी परतली. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. नवरा काही वर्षं अमेरिकन काँग्रेसचा सदस्य होता, १९३३ मध्ये तो वारला. नंतर ती कॅलिफोर्नियात राहायला गेली, गाडी मात्र सुटली नाही. अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं तीसहून जास्त वेळा पालथी घातली. १९६१ साली, पंचाहत्तरीला टेकल्यावर, तिनं त्या पहिल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. नावात तीनच वस्तू घातल्या, चेहऱ्यावरची जाळी, धुळीचा कोट आणि टायर काढायची ती लोखंडी पट्टी. १० सप्टेंबर १९८३ ला ती गेली. २००० साली अमेरिकेच्या ‘ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम’मध्ये तिचं नाव लागलं. फोर्ड, बेन्झ अशा पुरुषांच्या त्या यादीतली ती पहिली बाई.